फ्लोएट्रीच्या ‘फ्लोएटिक’मधील बोललेले काव्य कसे ऐकावे?

प्रश्न: मार्शा अँब्रोशियस आणि नॅटली स्ट्युअर्ट यांच्या ‘फ्लोएट्री’ या लंडनच्या जोडीचा २००२ मधील पहिला अल्बम ‘फ्लोएटिक’ मी नुकताच ऐकला. गायन मनापासून आवडले. मात्र अधूनमधून येणाऱ्या बोललेल्या काव्यामुळे लय तुटल्यासारखी वाटते. हे माझ्या ऐकण्यातले उणेपण आहे का?

उत्तर १: उणेपण नव्हे, सवयीचा प्रश्न आहे. स्ट्युअर्ट यांचे काव्य ही गाण्याला जोडलेली प्रस्तावना नसून या जोडीच्या कलेचा निम्मा भाग आहे. पहिल्या वेळी अर्थाच्या मागे न लागता, त्यांच्या शब्दांवरचे आघात बास आणि ड्रम यांच्याशी कुठे जुळतात आणि कुठे मुद्दाम मागे रेंगाळतात, एवढेच ऐकावे.

उत्तर २: याच अल्बममधील ‘से येस’ या गाण्यापासून सुरुवात करावी, तेथे अँब्रोशियस यांचे गायनच प्रमुख आहे. त्यानंतर ‘बटरफ्लाइज’ ऐकावे. अँब्रोशियस यांच्या लेखणीतून आलेले हे गाणे मायकल जॅक्सन यांनी २००१ च्या ‘इन्व्हिन्सिबल’ या अल्बममध्ये गायले होते, त्यामुळे दोन्ही रूपे शेजारी ठेवून ऐकण्याचा आनंद फार मोठा आहे.

प्रश्नकर्ता: आघातांकडे लक्ष देऊन शीर्षकगीत पुन्हा ऐकले. तुटलेली वाटणारी लय खरोखरच सलग आहे.