कागद दिसला म्हणजे चित्र झालं का?

रंकाळाकाठ: परवा कोल्हापूरच्या दसरा चौकात अमूर्त चित्रांचं प्रदर्शन पाहिलं. एका चित्रात जाड, खरबरीत कागदावरून जवळजवळ कोरडा ब्रश आडवा ओढलाय, बस्स. रंग उंचवट्यांवर बसलाय, खड्डे पांढरेच. वरच्या कोपऱ्यात कागदाचं एक तूस सुटून उभं राहिलेलं, नेमका त्यालाच गडद निळा चिकटलेला. पाच मिनिटं तिथून हललो नाही. माझ्या मते हे कुठल्याही निसर्गचित्राच्या तोडीचं काम आहे.

घाटावरचा: भावा, कोरडा ब्रश आम्ही रोज मारतोय. सकाळच्या उन्हात रंकाळ्याची चकाकी तशीच तर काढतात. पण तिथं पांढऱ्या ठिपक्यांचं पाणी होतं. तुझ्या चित्रात कागदाचा कागदच राहिला. तो बघायला मी दुकानात जाईन की! निसर्गचित्रं काढणाऱ्या आबालाल रहिमानांच्या गावात हे सांगायला लागतंय.

रंकाळाकाठ: म्हणजे चकाकी कागदानं काढली आणि नाव रंकाळ्याचं झालं. माझी तक्रार तीच आहे.

पाटी-पेन्सिल: नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना लहानपणी? चित्रकार माक्स अर्न्स्टनं १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून तेच केलं. पण मला शिल्पकार-चित्रकार सोमनाथ होर आठवतात. त्यांच्या ‘जखमा’ मालिकेत कागदाच्या लगद्यात नुसते चिरे आणि खळगे, पांढऱ्यावर पांढरं. बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेला माणूस. तिथं कागद म्हणजे कातडीच.

घाटावरचा: होरांचं मान्य. तिथं जखम आहे. इथं काय आहे? तूस!

फ्रेमवाला: कॅनव्हासचं कुणी बोलंना म्हणून लिहितो. अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेन्थेलरनं १९५२ मध्ये अस्तर (रंगाआधीचा लेप) न दिलेल्या कॅनव्हासवर पातळ केलेला तैलरंग ओतला. रंग सुतातच मुरतो, वीण दिसत राहते. झकास दिसतं, पण तेल कापड खातं. माझ्याकडं असंच एक काम फ्रेमला आलंय, मागून बघितलं तर प्रत्येक डागाभोवती तेलाचं पिवळं वलय. पोरांनो, हौस असंल तर अ‍ॅक्रिलिक वापरा. आणि ते कागदाचं चित्र काचेत होतं का? समोरून दिवा मारला की काचेत आपलंच तोंड दिसतंय. उजेड बाजूनं पाहिजे, तर खडबड उठते.

रंकाळाकाठ: काच नव्हती. खिडकीजवळच लावलंय. रविवारपर्यंत आहे.

घाटावरचा: येतो रविवारी. पण बोट लावून बघणार, आधीच सांगतो.