बंद पडलेल्या विमान कंपन्यांची नावं नव्यांना कशाला?

कर्वेनगरकर: काल इथे एकाने लिहिलं की नव्या विमान कंपन्यांनी जेट, किंगफिशर, डेक्कन असली जुनी नावं सरळ उचलावीत, लोकांना ती पाठ आहेत, जाहिरातीचा खर्च वाचेल. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नाव विकत घेऊन हाती काय लागतं? ट्रेडमार्क आणि शेपटीवरचं चित्र. उड्डाणाचा परवाना नव्याने काढावा लागतो. विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, म्हणजे स्लॉट, दुसऱ्यांना वाटून झालेले असतात, वैमानिक केव्हाच दुसरीकडे लागलेले असतात. अमेरिकेत पॅन अ‍ॅम १९९१ ला बंद पडली. १९९६ ला नाव घेऊन कुणी नवी उभी केली, तीही १९९८ ला बुडाली. ब्रॅनिफ १९८२ ला बसली आणि पुढे त्याच नावाने आणखी दोनदा बसली. आपल्याकडे किंगफिशरचे ट्रेडमार्क बँकांकडे तारण होते. २०१६ ला लिलाव काढला, राखीव किंमत ३६६ कोटींच्या वर. एकही बोली आली नाही.

आणि माझा खरा राग पुढेच आहे. नाव घेणारा चांगल्या आठवणी घेतो, देणी घेत नाही. मी एका बंद पडलेल्या कंपनीत ग्राउंड स्टाफला होतो. कुठली ते सांगत नाही. शेवटचे पगार बुडाले, ग्रॅच्युइटीचे कागद अजून फायलीत आहेत. उद्या लोहगावच्या विमानतळावर त्याच नावाचा काउंटर लागला, त्याच रंगाचा स्कार्फ घातलेली मुलगी बॅगेला टॅग लावायला लागली, तर माझ्यासारख्याने तिथे रांगेत उभं राहायचं?

औंधची मीरा: पगाराचं वाचून वाईट वाटलं, दादा. पण उदाहरणं तुम्ही सोयीची निवडलीत. अमेरिकेतलीच फ्रंटियर कुठे गेली? जुनी १९८६ ला बुडाली, नवी १९९४ ला त्याच नावाने डेन्वरहूनच सुरू झाली, आणि आजही उडते आहे.

कर्वेनगरकर: फ्रंटियर मान्य. पण तिथे शहर तेच होतं आणि जुन्या कंपनीतली माणसंही होती. इथे नाव मागणाऱ्यांकडे यातलं काय आहे?

सदाशिवपेठी: पुण्यात राहून हा वाद घालताय आणि चेतकचं नाव कुणी काढत नाही! बजाजने स्कूटर बंद केल्या, वर्षं गेली, आणि २०१९ ला विजेवरची चेतक आणली. आमच्या सोसायटीत तीन आहेत. चालतंय की जुनं नाव.

आकुर्डीवाला: चालतंय कसलं? वडिलांची चेतक मी चालवली आहे. चालू झाली नाही की डावीकडे तिरकी करायची, मग किक मारायची. मागे स्टेपनी, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायचं. बुकिंग केल्यावर वर्षानुवर्षं वाट बघितली होती घरच्यांनी. आताच्या गाडीत यातलं काय उरलंय? आवाजसुद्धा नाही. तिला चेतक म्हणताना माझी जीभ अडते.

सदाशिवपेठी: तिरकी करून किक मारण्यात कसलं सुख? माझ्या आईचा पाय त्या किकने सुजला होता. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात एकदा प्लग साफ करून दाखवावा.

आकुर्डीवाला: तुमच्याकडे तेव्हा स्कूटर होती हेच नशीब. आमच्या आळीत एका चेतकवर चार जणांचं घर फिरायचं. त्या गाडीबद्दल असं बोलायचं नाही.

सदाशिवपेठी: आमचीही चारच जणांना न्यायची. आवाज चढवू नका.

औंधची मीरा: अहो, धागा विमानांचा आहे! तरी चेतकवरून एक सांगते. तिथे कंपनी तीच आहे. नाव बजाजचंच होतं, त्यांनीच परत काढलं. जुन्या गाडीचा पार्ट मागायला गेलात तर दार तेच. विमानांत मेलेल्याचं नाव परका घेतो, हा फरक आहे. इथवर कर्वेनगरकरांचं पटतं, आणि इथवरच.

वैशाली_विमाननगर: नावावरून कसले भांडताय? लोहगाव हवाई दलाचा तळ, धावपट्टी त्यांची. २०२१ च्या ऑक्टोबरात दुरुस्तीसाठी चौदा दिवस प्रवासी विमानं बंद होती, आम्ही पहाटे मुंबई गाठत होतो. पुरंदरच्या नव्या विमानतळाचं तर वर्षानुवर्षं ऐकतोच आहोत. आधी विमानतळ द्या, मग शेपटीवर काय हवं ते रंगवा.

जळगावकर (सध्या कोथरूड): ताई, पुण्याचं रडगाणं पुरे. डेक्कनचं मी सांगतो. कॅप्टन गोपीनाथांनी काढलेली एअर डेक्कन २००३ ची. सामान्य माणूस विमानात बसला तो तिच्यामुळे. पुढे ती किंगफिशरच्या पोटात गेली. २०१७ च्या डिसेंबरात गोपीनाथांनीच तेच नाव परत आणलं, लहान शहरं विमानाने जोडायच्या सरकारी उडान योजनेत, एकोणीस आसनांचं विमान, मुंबई-जळगाव. आमच्या गावात केवढं कौतुक! नाव तेच, माणूसही तोच. २०२० ला बंद. आता बोला, मीराताई. माणूस तोच असून काय झालं?

औंधची मीरा: २०२० ला कोण बंद पडलं नाही? कोविड होता.

जळगावकर (सध्या कोथरूड): कोविडच्या आधीही फेऱ्या रद्द व्हायच्या. माझा भाऊ बॅग घेऊन परत आलाय. जुन्या नावावर भरवसा ठेवून तिकीट काढलं होतं त्याने.

कर्वेनगरकर: हेच मी म्हणतोय. आणि उलटं उदाहरण घ्या. मोदीलुफ्त १९९६ ला बंद पडली. तिचाच परवाना पुढे वापरून २००५ ला जी कंपनी उडाली तिने नाव ठेवलं स्पाइसजेट. कामाची गोष्ट घेतली, नाव टाकून दिलं. जेटच्या बाबतीत नाव धरून पाच वर्षं कोर्टकचेरी झाली आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने कंपनी गुंडाळून मालमत्ता विकायला सांगितलं. त्या पाच वर्षांत कर्मचाऱ्यांनी घरं कशी चालवली, ते विचारा कुणाला तरी.

औंधची मीरा: ठीक. मग नियम करा: ज्याला जुनं नाव हवं त्याने आधी जुन्या कर्मचाऱ्यांची पीएफ-ग्रॅच्युइटी भरायची, मग नाव. तेव्हा तरी विरोध सोडाल?

कर्वेनगरकर: पैसे खात्यात जमा झाल्यावर विचारा. तोवर नाही.

आकुर्डीवाला: आणि चेतकचं?

सदाशिवपेठी: रविवारी या, एक फेरी मारा माझ्या गाडीवर. मग बोलू.