रेशन दुकानदारावर अजून नियम लादून काटामारी थांबेल का?

मखमलाबादकर
रेशनची तक्रार आली की उतारा ठरलेला: दुकानदाराला नोटीस, सुनावणी, प्राधिकारपत्र (दुकानाचा परवाना) निलंबित. माझं म्हणणं, पहारा चुकीच्या जागी बसवलाय. दुकानातलं अंगठा घेणारं ई-पॉस मशीन फक्त माणूस ओळखतं, धान्य मोजत नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. चार माणसांचं कार्ड, अंगठा जुळला, पावतीवर 20 किलो आले, सरकारदरबारी वाटप पूर्ण. पिशवीत 20 पडले की 19, याची नोंद कुठेच नाही, कारण काटा वेगळा आणि मशीन वेगळं. अंगठा आधी, माप नंतर, हा क्रमच उलटा आहे. काटा मशीनला जोडा. वजन भरल्याशिवाय पावती निघताच कामा नये.

दुसरं, गोदाम. गोणी 50 किलोची धरतात, पण ते 50 निव्वळ हवेत. तागाचं बारदान 580 ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे भरलेली गोणी काट्यावर साडेपन्नासच्या वर दिसायला हवी. बारदानासकट 50 भरली, तर प्रत्येक गोणीत अर्धा किलोहून जास्त गेलं. वर हमालाच्या हुकाचं भोक. महिन्याला 80 क्विंटल उचलणाऱ्या दुकानाच्या 160 गोण्या होतात. नुसत्या बारदानापायी 90 किलो तूट. ती दुकानदार खिशातून भरेल असं कोणाला वाटतं?

पावती_जपा
मखमलाबादकर, तुमचाच हिशेब पुढे नेतो. 80 क्विंटलचं दुकान म्हणजे साधारण 400 कार्डं. कार्डामागे अर्धा किलो मारला की 200 किलो. तूट 90. बाकीचे 110 कोणाच्या घरी गेले? रिकामं बारदान विकून येतात ते पैसे वेगळेच.

आणि काटामारीपेक्षा वाईट प्रकार: अंगठा आज घ्यायचा, "माल आला नाही, पुढच्या आठवड्यात या" म्हणायचं. महिना संपला की त्या महिन्याचा हक्क बुडाला, पण मशीनवर उचल झालेली. हे गोदामाने केलं का? अंगठा दिला की त्याच क्षणी पावती आणि त्याच क्षणी धान्य, नाहीतर अंगठा देऊच नका. महाईपॉसच्या संकेतस्थळावर कार्डाचा बारा अंकी नंबर टाकला की कोणत्या महिन्यात किती उचल दाखवलीय ते दिसतं. तफावत असेल तर 1967 वर फोन, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. दुकानात साठ्याचा फलक आणि धान्याचे नमुने ठेवणं केंद्राच्या 2015 च्या रेशन वितरण नियंत्रण आदेशानुसार बंधनकारक आहे. फलक कोरा असेल तर तिथूनच संशय घ्यावा.

दिंडोरी_रोड
कमिशनचं गणित कोणी मांडत नाही. क्विंटलला 150 होते, 2025 मध्ये 20 वाढून 170 झाले. 80 क्विंटलचे 13,600. त्यात गाळ्याचं भाडं, तोलायला एक माणूस, वीज, झाडलोट. शिवाय 2023 पासून धान्य फुकट, म्हणजे सगळी मदार शासनाकडून जमा होणाऱ्या कमिशनवर, आणि ते थकतं. याने चोरी माफ होत नाही. पण प्रामाणिक माणूस या धंद्यात टिकू नये अशीच रचना असेल, तर निलंबनाने काय साधणार?

निलंबनाचा फटका कोणाला, तेही बघा. दुकान बंद झालं की त्याची कार्डं शेजारच्या दुकानाला जोडतात. नाशिकच्या पंचवटीत शेजारचं दुकान दोन गल्ल्या पुढे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर डोंगर उतरून जावं लागतं. शिक्षा दुकानदाराला, पायपीट म्हातारीला.

थेट_खात्यात
मग दुकानच कशाला? मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये सुरू केले, पुढे 170 झाले. चंदीगड आणि पुद्दुचेरीत रोख रक्कम 2015 पासून. ना काटा, ना गोणी, ना निरीक्षक.

पावती_जपा
170 भागिले 5, किलोला 34. किराणा दुकानात गहू-तांदूळ महागले की ती रक्कम आपोआप वाढते का? 150 चे 170 व्हायला शासन निर्णय लागला. रेशनचे 5 किलो भाव काहीही असो 5 किलोच राहतात. आणि सुरगाण्यातल्या बाईला बँक रेशन दुकानापेक्षा जवळ आहे असं तुम्ही कोणत्या नकाशावर पाहिलंत?

दिंडोरी_रोड
इथे पावती_जपांशी सहमत, नोंद घ्यावी :)

पण पेठ-सुरगाण्याचे मजूर छाटणी आणि काढणीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत असतात. एक देश एक कार्डमुळे ते तिथेच धान्य घेऊ शकतात. अडचण अशी की दुकानाचं नियतन, म्हणजे महिन्याचा मंजूर साठा, त्याच्या स्वतःच्या कार्डांवर ठरतं. हंगामात बाहेरची शंभर कार्डं आली की साठा महिनाअखेरीआधीच संपतो, आणि गावचे म्हणतात, "आमचं यांना दिलं." इकडे सुरगाण्यात तेवढंच शिल्लक. हंगामी नियतन आधीच वाढवलं तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

मखमलाबादकर
पावती_जपा, 110 किलोचा मुद्दा मान्य, ती चोरीच. पण सुरगाण्याचा 2015 चा धान्य घोटाळा आठवा, माल दुकानात पोचण्याआधीच गायब झाला होता. तो गल्ल्यावर पकडता आला असता का? मनमाडच्या अन्न महामंडळाच्या गोदामापासून तालुक्याच्या गोदामापर्यंत आणि तिथून दुकानापर्यंत माल तीनदा हात बदलतो. अंगठा फक्त शेवटच्या टप्प्यावर घेतात. द्वारपोच वाहतुकीत (गोदामातून थेट दुकानाच्या दारापर्यंत) दुकानदाराने दारात प्रत्येक गोणी तोलून, कमी भरलेल्या गोणीचं वजन चलनावर लिहून मगच सही करायची, एवढा एकच नियम घाला.

पावती_जपा
लिहिली तूट चलनावर, तर पुढच्या खेपेला त्याचा ट्रक शेवटी येतो. दुकानदारांनाच विचारा. म्हणून ते लिहीत नाहीत, ग्राहकाकडून वळते करतात.

तोवर निदान एवढं: काट्यावर आधी डबा ठेवायला सांगा, आकडा शून्यावर आणायला लावा, मग धान्य. डब्यासकट तोलणं ही सगळ्यात जुनी युक्ती आहे. आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचं मुद्रांकन, म्हणजे तपासून शिक्का, दर वर्षी लागतं. शिक्का जुना असेल तर रेशनच्या तक्रारीत न अडकता थेट वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याकडे जा. ते खातंही अन्न व नागरी पुरवठा विभागाच्याच अखत्यारीत येतं, पण त्याची यंत्रणा वेगळी आहे.