अर्सुफचा डाव: नाइट्स दुसऱ्याच चालीत बाहेर ओढले जातात

बुरूज१२: अर्सुफची लढाई (तिसरं धर्मयुद्ध) टेबलावर छोट्या सैनिकांनी खेळतोय: ६ × ४ फुटी टेबल, २८ मिमीच्या आकृत्या. क्रुसेडरांकडे (युरोपातून आलेले ख्रिस्ती धर्मयोद्धे) नाइट्सच्या (चिलखती घोडेस्वार) ४, भालाइतांच्या ३ आणि क्रॉसबोवाल्यांच्या (यांत्रिक धनुष्यवाले) ३ तुकड्या. समोर मुस्लिम सुलतान सलाउद्दीनचे ८ अश्वारूढ तिरंदाज जथे. नाइट्स पुढे काढले की तिरंदाज हुलकावणी देऊन मागे सरकतात, नाइट्स एकटे पडतात आणि दोन्ही बाजूंनी मार खातात. मांडणी चुकतेय की नियम?

खोगीर: मांडणी. ७ सप्टेंबर ११९१ ला इंग्लंडचा राजा रिचर्डचं क्रुसेडर सैन्य एकरहून जाफ्याकडे किनाऱ्याने चाललं होतं. उजव्या हाताला समुद्र, डावीकडे पायदळ, मधोमध घोडे. टेबलाची एक लांब कड समुद्र धरा, म्हणजे ती बाजू आपोआप राखली जाते. आघाडीला टेम्पलर, पिछाडीला हॉस्पिटलर (दोन्ही लढाऊ साधूंचे नाइट संघ). भालाईत बाहेरच्या रांगेत, क्रॉसबोवाले त्यांना चिकटून मागे, नाइट्स आणखी ६ इंच आत. बाण चिलखतापेक्षा घोड्यांना जास्त भोवतात, आणि घोडा गेला की नाइट पायदळातच जमा. पायदळाच्या तुकड्यांमध्ये एकेका नाइट तुकडीच्या रुंदीची फट आधीच ठेवा. ऐन वेळी वाट करायला गेलात तर रांग मोडते.

तिसरी_फळी: वेळही महत्त्वाची. तिरंदाज लांब असताना नाइट्सनी हल्ला चढवणं फुकट. ४ जुलै ११८७ ला हत्तीनच्या लढाईत क्रुसेडर सरदार, ट्रिपोलीच्या रेमंडने हल्ला चढवला, तेव्हा सलाउद्दीनचा पुतण्या तकी अद्-दीनच्या लोकांनी रांग उघडून त्याला सरळ पलीकडे जाऊ दिलं. शत्रू तुमच्या एका हल्ल्याच्या टप्प्यात येईपर्यंत थांबा, मग चारही तुकड्या एकाच चालीत सोडा. धडक बसली की पुढची चाल पाठलागात घालवू नका, रांग जुळवा. अर्सुफला रिचर्डने नेमकं तेच केलं, म्हणून सलाउद्दीनचा प्रतिहल्ला त्याला झेपला.

बुरूज१२: पण इतका वेळ थांबायचं तर नाइट्सवर काहीच दडपण राहत नाही.

खोगीर: त्यासाठी घरगुती नियम करा. बाणांचा मार बसलेल्या प्रत्येक चालीत हॉस्पिटलरांसाठी एक फासा टाका: पहिल्यांदा ६ आला तर ते हुकमाविना हल्ल्याला सुटतात, पुढच्या वेळी ५-६, मग ४-६. खऱ्या लढाईत कर्ण्यांच्या इशाऱ्याआधीच त्यांचा मार्शल (सैन्यप्रमुख) सुटला होता, आणि रिचर्डला बाकीचे मागोमाग घालावे लागले. तुमच्या खेळाडूलाही तोच निर्णय त्याच चालीत घ्यायला लावा.

तिसरी_फळी: क्रॉसबोला एक चाल आड मारा द्या. भालाइतांमागे स्थिर उभे असतील तर दर चालीला: एक ताणतो, दुसरा सोडतो. ऑगस्ट ११९२ मध्ये जाफ्याला हीच जोडी वापरली होती.