माळकरी हवालदार आजोबांचे चरित्र लिहायचे आहे: पलटण आधी की वारी आधी?

कोरेगावकर (प्रश्न)

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून १९८५ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गेल्या कार्तिकात, ऐंशीच्या उंबरठ्यावर, राहत्या घरी वारले. वर्षश्राद्धाला येणाऱ्यांना देण्यासाठी त्यांच्या आयुष्यावर एक छोटी पुस्तिका काढावी असे घरात ठरले आणि लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. अडचण अशी की घरात दोन तट पडले आहेत. धाकटे चुलते म्हणतात की १९७१ चे युद्ध, पदके आणि पलटण यांनाच मुख्य जागा हवी. आत्याचे म्हणणे असे की ज्या माणसाने निवृत्तीनंतर आळंदी ते पंढरपूर पायी वारी पाय चालत होते तोवर चुकवली नाही आणि रोज तिन्हीसांजेला ओसरीवर बसून हरिपाठ म्हटला, त्याचे गणवेशातले छायाचित्र मुखपृष्ठावर कशाला? स्वतः आजोबा युद्धाबद्दल कोणी विचारलेच तर "जमालपूरला होतो" एवढेच सांगत आणि गोठ्याकडे निघून जात. तुळशीची माळ मात्र त्यांनी निवृत्तीनंतर नव्हे, नोकरीत असतानाच घातली होती.

माझे दोन प्रश्न आहेत. त्यांच्या सेवेची खात्रीची माहिती कोठून मिळवावी? आणि हे दोन भाग एकाच पुस्तिकेत कसे बसवावेत?

निवृत्त सुभेदार

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. घरातील पत्र्याच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक असेलच. त्यात आर्मी नंबर, भरतीची व निवृत्तीची तारीख, हुद्दे आणि पदकांची नोंद मिळते. ते सापडले नाही तर पेन्शनच्या पीपीओवरून (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरून) सुरुवात करता येते. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवायचा झाल्यास तो आजींच्या सहीने पाठवावा, आणि साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. पदके घासून लखलखीत करण्याच्या भरीस पडू नका. आधी भिंगाने त्यांची कड पाहा, तेथे नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. 'पूर्वी स्टार' नावाचे पदक असेल तर १९७१ मध्ये आजोबा पूर्व आघाडीवर होते हे नक्की. जुनी पत्रे असतील तर पत्ताही वाचा, कारण पूर्वेकडील पलटणींची टपाल ९९ एपीओ (लष्करी टपाल कार्यालय) मार्फत जात असे आणि पश्चिमेकडची ५६ एपीओमार्फत.

कागदपत्रांतील जन्मतारीख १ जून निघाली तर ती डोळे झाकून छापू नये. त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या महाराष्ट्राला १ जूनलाच जन्माला घातले आहे.

आजच्या बांगलादेशातील जमालपूर म्हणजे आमची पहिली बटालियन, जंगी पलटण. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या नेतृत्वाखाली ती ब्रह्मपुत्रा ओलांडून शत्रूच्या पिछाडीला गेली आणि जमालपूरच्या दक्षिणेकडील रस्ता अडवून बसली. १० डिसेंबर १९७१ च्या रात्री आतल्या पाकिस्तानी फौजेने तो वेढा फोडून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला, तो पलटणीने मोडून काढला, आणि ११ तारखेला जमालपूर पडले. त्या रात्री तेथे असलेल्या माणसाने "जमालपूरला होतो" म्हटले तर त्याने बरेच सांगितले असे मी समजतो. पुस्तिकेत त्या रात्रीची वर्णने कल्पनेने रंगवू नयेत, ही विनंती.

दिंडीतील विणेकरी

आपल्या घरातील वाद मला मुळातच चुकीच्या पायावर उभा वाटतो. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे आपल्याच सातारा जिल्ह्यातील आरफळचे, आणि ते शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. पूर्वी वारकरी पादुका गळ्यात घालून पंढरीला नेत. १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी त्यासाठी स्वतंत्र पालखी सोहळा उभा केला आणि त्याला शिस्त लावली ती लष्करी माणसाच्या नजरेने. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक, मुक्कामाचे तंबू, चोपदार, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आजही येणारे अश्व, हे सारे पाहिले म्हणजे छावणीची आठवण येतेच. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि एवढा अफाट समाज क्षणात शांत होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तीच टाळ वाजवत राहते आणि सर्वांसमक्ष तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. पलटणीत एकवीस वर्षे काढलेल्या माणसाला ही वाट परकी वाटली असेल असे मला तरी वाटत नाही. हैबतबाबांची समाधी आळंदीच्या महाद्वारातील पायरीवर आहे. आजोबांनी प्रत्येक प्रस्थानाला तेथे डोके टेकले असणार.

नोकरीत माळ घालणे मात्र सोपे नव्हे. लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, मांसाहार न करणाऱ्यांची वेगळी सोय असते, पण सोबत्यांमध्ये बसून रमचा पेला नाकारणे आणि बंकरमध्ये एकादशी धरणे याला निश्चय लागतो. त्यांनी माळ कोणत्या साली घातली हे शोधावे. ते साल १९७१ नंतरचे निघाले तर त्यावरून लगेच काही अनुमान काढू नये, पण ते साल पुस्तिकेत अवश्य नोंदवावे.

सैनिकाची लेक

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, परंतु आजींचा उल्लेख त्यांत केवळ अर्जावरील सहीपुरता आला आहे. माझे वडीलही फौजेत होते. वर्षाकाठी दोन महिन्यांची रजा, तीही सुगी किंवा घरातले लग्न पाहून घेतलेली. उरलेले दहा महिने घर, जमीन, सासू-सासरे आणि आमची आजारपणे आईने एकटीने पाहिली. मी तीन वर्षांची असताना वडील रजेवर आले, तेव्हा मी आतल्या खोलीत पळत जाऊन "पाहुणे आलेत" असे आईला सांगितले होते. यावर घरात आजही हसतात. वडील मात्र कधी हसले नाहीत.

तेव्हा आजींजवळ बसा आणि बारीकसारीक गोष्टी विचारा. मनीऑर्डर किती रुपयांची येई, पोस्टमन ओट्यावर थांबे की घरात येई, बैल विकण्याचा निर्णय कोणी घेतला, पत्र वाचून कोण दाखवी. निवृत्तीनंतर एवढ्या वर्षांनी माणूस घरात कायमचा राहायला आला तेव्हा तिला कसे वाटले, हेही विचारा.

कोरेगावकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुकात जन्मतारीख १ जूनच आहे. पदकांत 'पूर्वी स्टार' निघाला आणि कडेवरचा नंबर पुस्तकातील नंबराशी जुळला. तळाशी सुतळीने बांधलेली अंतर्देशीय पत्रे होती. प्रत्येकाच्या माथ्यावर "श्री विठ्ठल प्रसन्न" आणि पाठीमागे नंबर, हुद्दा, ९९ एपीओ. त्यांतले एक डिसेंबर १९७१ च्या अखेरचे आहे. त्यात युद्धाचे अवाक्षर नाही. मी खुशाल आहे, शाळूला पाणी दिले का, तांबड्या गाईचे काय झाले, थोरल्याला शाळेत घातले का, आणि तात्यांना सांगा की या कार्तिकीला माझ्या नावाने कोणी पंढरीला गेले होते का ते कळवावे, एवढाच मजकूर.

आजीला ते वाचून दाखवले. तिला वाचता येत नव्हते, त्यामुळे तेव्हाही ते शाळेतल्या गुरुजींनीच वाचले होते. ती म्हणाली, "गुरुजींनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा मला फक्त 'खुशाल' एवढंच ऐकू आलं." माळेचे विचारले तर म्हणाली की त्यानंतरच्या रजेत ते घरी आले तेव्हा माळ गळ्यात होती, तिने कारण विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

पहिल्या पानावर ते पत्र त्यांच्या हस्ताक्षरात जसेच्या तसे छापायचे, यावर चुलते आणि आत्या दोघेही राजी झाले आहेत. मुखपृष्ठाचा वाद अजून मिटलेला नाही.