शब्दचर्चा : ‘भय धरणे’, ‘तारण’ आणि आतला छळ

प्रश्न : ‘धार्मिक छळ’ म्हटलं की एखाद्या राजवटीने एका धर्माच्या लोकांना तुरुंगात टाकणं डोळ्यांसमोर येतं, म्हणजे बाहेरून होणारा छळ. मला आतल्या छळासाठी शब्द हवा आहे. मी ज्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वाढले तिथे प्रार्थनेत डुलकी लागली तरी ‘हिला परमेश्वराचं भय नाही’ म्हणून सगळ्यांसमोर उभं करत. ते सोडून बरीच वर्षं झाली. आता प्रार्थना करावीशी वाटते, पण ‘भय’ शब्द आला की पोटात गोळा येतो.

प्रतिसाद : ‘जाच’ का नाही? छळाला एखादा प्रसंग लागतो, जाच रोजचा आणि घरातला असतो. शिवाय बाहेरच्याला दाखवायला वळ नसतात. ‘धर्माआडून जाच’ म्हणा. ‘आध्यात्मिक शोषण’ वगैरे अहवालात शोभेल, पण रडताना कोणी तसं बोलत नाही.

प्रतिसाद : ‘भय’बद्दल. बायबलमधल्या नीतिसूत्रे 9:10 मध्ये जिथे आपण ‘भय’ वाचतो तिथे मूळ हिब्रू शब्द ‘यिरा’ आहे. भीती आणि आदराने नमणं, दोन्ही त्यात मावतं. मराठीतही ‘भय वाटणे’ आणि ‘भय धरणे’ एक नव्हे. वाटतं ते आपोआप, धरतो ते आपण. तुमच्या मंडळीने धरायची गोष्ट वाटायला लावली. त्याला आपल्याकडे ‘धाक’ हा चोख शब्द आहे. आणि 1 योहान 4:18 तर उघडच सांगतं की प्रीतीत भीती नसते. स्तोत्र 103:13 ही पाहा. तिथे बाप मुलांवर ‘ममता’ करतो. बापाला ममता लावणं मराठी कानाला जरा वेगळं वाटतं, पण मूळ हिब्रू क्रियापद गर्भाशयाच्या शब्दाशी नातं सांगणारं आहे, तेव्हा अनुवादकाला दाद द्यायला हवी.

प्रश्नकर्ती : ‘धरणे’चं लक्षातच आलं नव्हतं. दुसरा अडलेला शब्द ‘क्षमा’. मी क्षमा केली, तर ‘मग परत ये’ म्हणतात.

प्रतिसाद : दोन शब्दांची गल्लत आहे. मत्तय 6:12 मध्ये ऋण सोडण्याची भाषा आहे. उधारी सोडली म्हणून तिजोरीची किल्ली परत हातात द्यायची नसते. परत जाण्याचा शब्द ‘समेट’. क्षमा एकट्याने करता येते, समेटाला दोघे लागतात आणि दुसऱ्याने आधी चूक कबूल करावी लागते. ‘क्षमा कर’ म्हणणारे बहुतेकदा फुकटचा समेट मागत असतात.

प्रतिसाद : ‘तारण’ राहिलंच. ‘तुझं तारण जाईल’ ही धमकी ऐकली असेलच. मंडळीत तारण म्हणजे उद्धार, पण गंमत अशी की व्यवहारात तारण म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू. लहान मुलाला तेच ऐकू येतं : हप्ता चुकला की जप्ती! मूळ ग्रीक क्रियापद ‘सोझो’. त्याचा अर्थ वाचवणं, तसाच बरं करणंही. मार्क 5:34 आणि लूक 7:50 शेजारी ठेवून वाचा. ग्रीकमध्ये वाक्य एकच. मराठीत पहिल्या ठिकाणी ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’, दुसऱ्या ठिकाणी ‘तारले आहे’.

प्रश्नकर्ती : काल रात्री वाचलं. मार्कातली बाई 12 वर्षांचं दुखणं घेऊन थरथर कापत पुढे येते आणि येशू तिला ‘मुली’ म्हणतो. सगळ्यांसमोरच, पण उभं करून खाली बघायला लावत नाही. लूकमधल्या ‘तारले’शेजारी मी पेन्सिलीने ‘बरे केले’ लिहिलंय. ‘पाळक’ (मंडळीचा धर्मगुरू, शब्दशः मेंढरं पाळणारा) या शब्दाचं मात्र अजून जमत नाही.

प्रतिसाद : घाई नको. यहेज्केल 34 कधी तरी वाचा. मेंढरं सोडून स्वतःचीच पोटं भरणाऱ्या मेंढपाळांवर देव तिथे स्वतः चिडलेला आहे.