रेडिएशननंतर पीएसए चढला: आता कोणता स्कॅन करावा?

मुलुंडकर: वडील 72 वर्षांचे आहेत. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी 2021 साली रेडिएशन झाल्यावर पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) 0.4 पर्यंत उतरला होता, तो आता 2.6 आहे. बायोप्सीचे नाव काढले की ते जेवणाच्या पानावरून उठतात. सुईशिवाय निदान होईल का? खर्च वीस हजारांच्या आत हवा.

परळचा_रहिवासी: वीस हजार विसरा आणि पीएसएमए पेट-सीटीच करा (प्रोस्टेटच्या कर्कपेशींवरील पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सारी औषध टोचून काढतात तो स्कॅन), माझे सत्तावीस गेले, पण श्रोणीतील (ओटीपोटाच्या तळाच्या भागातील) गाठ सापडली. शिरेत सुई मात्र टोचतातच. इंजेक्शननंतर तासभर बसवून ठेवले आणि स्कॅनच्या तोंडावर लघवी करून यायला सांगितले, कारण टोचलेले ते गॅलियमचे औषध मूत्राशयात साठते आणि प्रोस्टेट त्याला लागूनच असते.

भावोजी_दादर: आमचे काम साध्या बोन स्कॅनवर झाले. उगाच महागडे यंत्र कशाला?

निवृत्त_तंत्रज्ञ: भावोजी, पीएसए इतका कमी असताना बोन स्कॅन बहुधा कोराच येतो, त्यावर निर्धास्त होऊ नये. रेडिएशननंतर नीचांकात, म्हणजे पीएसएच्या सर्वांत कमी आकड्यात, 2 मिळवून येणारा आकडा ही पुनरुद्भवाची (कर्करोग परतल्याची) रूढ मर्यादा आहे. मुलुंडकर, तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती 2.4. उपचारानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पीएसए कधी उसळून आपोआप खाली येतो, पण तुमचा तो काळ उलटला आहे. तरी आधी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासा. रेडिएशनने ग्रंथी आक्रसून एमआरआयच्या साध्या चित्रात सगळीच काळवंडते, म्हणून डिफ्यूजन (ऊतीतील पाण्याची हालचाल दाखवणारे चित्र) आणि कॉन्ट्रास्टसह (चित्र उठून दिसावे म्हणून शिरेतून देतात ते औषध) एमआरआय सांगावा, तेही क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहून. मात्र तो श्रोणीपुरताच असतो. पेट सर्वांग दाखवते.

परळचा_रहिवासी: म्हणजे मी म्हटले तेच, पेट.

निवृत्त_तंत्रज्ञ: पेटही चकवते. काही गाठींवर पीएसएमए नसतेच, तर कधी निरोगी बरगडीही उजळते. शिवाय ग्रंथीवर पुन्हा उपचार करायचे ठरले, तर डॉक्टर बहुधा आधी बायोप्सी मागतीलच.

भावोजी_दादर: एमआरआयच्या नळीत माझा जीव गुदमरला होता, हेही लिहून ठेवा.

मुलुंडकर: पीएसए त्याच प्रयोगशाळेत पुन्हा केला, 2.7 आला. डॉक्टर आणि परळचे रहिवासी पेटच्या बाजूने असले, तरी मंगळवारी मुलुंडलाच एमआरआय ठरवला आहे; क्रिएटिनिन ठीक आहे आणि खर्च आवाक्यात बसतो. बायोप्सीचे काय, असे विचारल्यावर वडिलांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरले.